यंदा बेत्म

मीगसवेवच्या तळ्यात लोखंडी पट्टी उभी आहे,
सरकारने रोवलेली, पांढऱ्यावर काळे आकडे.
रोज सकाळी सहाला मी ते वहीत उतरवते.
पण गाव विचारतं ते अजून बापाच्याच मापाने:
म्हशीचा दगड दिसला का?
दिसला, म्हणते. आधी पाठ दिसली, मग पोट,
काल त्याच्या सावलीत एक बगळा
कोरड्या पायांनी उभा होता.

तळं तसं लहान.
अनुराधपुरच्या कचेरीतल्या नकाशावर
टाचणी टोचल्याएवढं.
वरच्या तळ्यातून सांडलेलं आमच्याकडे येतं,
आमच्यातून सांडलेलं खालच्या गावाला,
अशी सात तळी, उतरत्या रानात,
एकाच्या ओठाखाली दुसऱ्याचं तोंड.
कोणी कधी बांधली, भंतेही नीट सांगत नाहीत.
राजाने, म्हणतात.
माती काय राजाने वाहिली होती?

याच्यावर चोपन्न एकर भात.
याच्यावर विरसिंघेची मोटरसायकल,
मागे खोका, खोक्यात मरळ आणि तिलापिया,
पहाटे भोंगा वाजवत सहा गावं फिरणारी.
याच्यावर विहिरींचे झरे, म्हशींची दुपार,
अर्जुनाच्या मुळांवर आपटलेले कपडे,
आणि रात्री हत्ती,
जे कुठल्याच सभेला येत नाहीत
आणि आपला वाटा घेऊन जातात.

सभा शाळेच्या पडवीत भरली.
साहेबांनी वही मागितली, माझे आकडे वाचले,
चष्मा काढला.
अठरा एकरांपुरतं आहे, म्हणाले.
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.
मग मागच्या बाकावरून म्हाताऱ्या उक्कुरालने
तो शब्द काढला, वीस वर्षं कोणी न काढलेला:
बेत्म.

बेत्म म्हणजे मालकीचे कागद पेटीत.
बेत्म म्हणजे मोरीजवळची तेवढीच जमीन भिजवायची
आणि तिच्या पट्ट्या पाडून
घरटी एक वाटायची, एका हंगामापुरती.
ज्याचं शेत शेवटाला, त्यालाही पट्टी.
ज्याचं शेत मोरीच्या तोंडाशी, त्यालाही एकच.
मोरीच्या तोंडाशी पहिलं शेत माझं.

मी हात वर केला. सगळ्यांनी केला म्हणून केला,
उगाच मोठेपणा कशाला सांगू.
दोरी धरून माझ्या चिखलात खुंट्या ठोकताना
पोटात काहीतरी हललंच.
चिठ्ठ्या निघाल्या.
माझ्या शेजारची पट्टी कुसुमलताला.

कुसुमलताशी आमचं बोलणं नाही.
दीड हात बांध, दोन वकील, अकरा वर्षं.
लग्नं झाली, मयतं झाली,
आम्ही एकमेकींना पाण्यात पाहत राहिलो.
यंदा पाणीच एवढंसं,
त्यात माझा चेहरा मावेना, तिचा कुठून.

पाळी रात्रीची, अर्धा तास माझी, अर्धा तिची.
पाट घोट्याएवढा.
मी बॅटरी धरून बसले, ती पलीकडे, पाठमोरी.
लांब कुठेतरी फटाका फुटला, हत्तींसाठी.
माझी वेळ संपायला आली
तरी पाणी पट्टीच्या टोकाला पोचेना.
तिनेच चोरलं असणार, दुसरं कोण?
उठले, बांधावरून प्रकाश फिरवला,
आणि दिसलं, अगदी मधोमध, दोघींच्या मध्ये,
मातीत गोल भोक, गुळगुळीत,
पाणी त्यातून गुपचूप खाली जात होतं.

"खेकड्याचं बीळ आहे," मी म्हणाले.
अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.
तिने वाकून पाहिलं.
"दोन आहेत," म्हणाली.

मग चिखल, मग गवताचे बोळे, मग टाचेने दाबणं.
तिच्या टाचेला भेगा आहेत, माझ्यासारख्याच.
एवढंच. गळ्यात वगैरे कोणी पडलं नाही.

भात निघालं, पोत्याला पोतं मोजून.
खुंट्या उपटल्या, पट्ट्या मिटल्या.
ज्याचं शेत त्याला.
दीड हात जिथे होता तिथेच आहे,
तारीख सोळाची पडली आहे.

माझी बॅटरी त्या रात्री तिच्याकडे राहिली.
मागायची म्हणजे पुन्हा बोलावं लागेल.
बघू.
आज पट्टीवर दोन फूट सात.